शुल्क माफ झाले, वेळेचे काय?

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली एक महत्त्वाचा निर्णय घेतला. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत आहे, त्यांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काचा भार शासन उचलेल, असा तो निर्णय. त्याचे स्वागत झाले, ते रास्तच होते. तथापि, शुल्क हा उच्च शिक्षणाच्या खर्चाचा केवळ दिसणारा भाग असतो. जिच्या पदरी तान्हे मूल आहे, अशा विद्यार्थिनीच्या बाबतीत तर तो बहुधा सर्वांत लहान भाग ठरतो. तिचा खरा खर्च रुपयांत नव्हे, तासांत मोजावा लागतो. आणि हे तास कोणी द्यायचे, हा प्रश्न आजवर ज्याच्या त्याच्या घरावर सोडून देण्यात आला आहे.

परळच्या दामोदर हॉलजवळील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. या शिक्षणाचा पैशांचा हिशेब चरित्रग्रंथांतून नमूद आहे. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती, सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, या साऱ्या बाबी जमेच्या बाजूस मांडता येतात. मात्र, त्या वर्षांत परळच्या खोल्यांमध्ये रमाबाईंनी जे सोसले, त्याची नोंद कोणत्या खात्यात करायची? या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. एकटे यशवंत वाचले. रुपयाच्या प्रश्नावरील तो थोर प्रबंध लंडनमध्ये सिद्ध झाला, परंतु त्याच्या किमतीचा मोठा हिस्सा परळमध्ये चुकता होत होता. संसार सांभाळून विद्यापीठीय शिक्षण घेणे शक्य होते, ते बहुधा घरातील दुसरे कोणी तरी आपला सगळा वेळ त्यापायी खर्ची घालते म्हणून. विद्यार्थी स्वतःच आई असेल, तर हे दुसरे कोणी तरी कोठून आणायचे?

वर्गाचे घड्याळ आणि घराचे घड्याळ

शिक्षणाची वेळ संसारी माणसाला सोयीची व्हावी, यासाठी महाराष्ट्रात प्रयत्न झालेच नाहीत, असे मुळीच नव्हे. १९१५ साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात ती प्रत्यक्षात आणली. मातृभाषेतून शिक्षण आणि घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा, ही त्या विद्यापीठाची दोन वैशिष्ट्ये संसारी स्त्रीला ध्यानात ठेवूनच आखलेली होती. १९३६ साली त्याचे मुख्यालय मुंबईत आले. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळच्या वर्गांचे. १९७१ साली मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षणाची सोय केली आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले.

या सर्व सुधारणांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांनी बदलले ते वर्गाचे घड्याळ; घराचे घड्याळ होते तसेच राहिले. सकाळच्या वर्गाला जाणाऱ्या कारकुनाचा डबा पहाटे कोणी तरी भरून देत होते. घरी बसून अभ्यास करण्याची मुभा मिळालेल्या गृहिणीला घरी बसायला मात्र सवड नव्हती. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, तर पुरुषाची ८८. घरातील मुलाबाळांची व इतरांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयोगटातील स्त्रिया त्यासाठी आणखी १४० मिनिटे देतात, पुरुष ७४. या आकड्यांची सरळ बेरीज करणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. पण तरुण आईच्या दिवसातील सात तासांच्या आसपासचा वेळ पुस्तक उघडण्यापूर्वीच संपलेला असतो, एवढा अंदाज त्यावरून निश्चित बांधता येतो.

गिरगाव, लालबाग, परळ या भागांत पूर्वी या टंचाईवर एक अलिखित तोड होती. चाळीची दारे दिवसभर उघडी असत. आई बाहेर गेली तर मूल शेजारच्या काकूंकडे जेवत असे आणि गॅलरीत वाढत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्या, अनेक कुटुंबे डोंबिवली, विरारच्या दिशेने पांगली, चाळींच्या जागी मनोरे आले. नव्या घरात स्वतंत्र संडास व स्वयंपाकघर मिळाले, हे चांगलेच झाले. पण दार मिटले. आजी उपनगरात, शेजार अनोळखी आणि खासगी पाळणाघराचे दर परवडण्याजोगे नाहीत, अशा कोंडीत आजची तरुण आई सापडली आहे. पुष्कळदा अशा वेळी ती शिक्षणालाच रजा देते.

गिरणीत होते, महाविद्यालयात का नाही?

येथे गिरणगावचाच इतिहास एक अस्वस्थ करणारी तुलना पुढे ठेवतो. कारखान्यातील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात साहाय्य देणारा देशातील पहिला कायदा १९२९ साली मुंबई इलाख्यात झाला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणण्यात आली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. या सगळ्या संरक्षणाचा पाया नोकरी हा आहे. विद्यार्थिनी नोकर नाही, म्हणून ती या छत्राखाली येत नाही. गिरणीतल्या निरक्षर बाईचा जो कायदेशीर हक्क होता, तो तिच्या नातीला एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत प्राचार्यांच्या मर्जीवर मिळवावा लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ व २०२२ च्या विनियमांत संशोधक स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजा व मुदतवाढ यांची तरतूद आहे. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी मात्र आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना नियम करण्याची सूचना केली, एवढेच. सूचना आणि हक्क यांत अंतर असते. २०२३ साली मीरतच्या विद्यापीठातील एका एम.एड. विद्यार्थिनीला हजेरीत सवलत मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एकाची निवड करण्यास कोणाही स्त्रीला भाग पाडता येणार नाही, अशा आशयाचा निर्वाळा न्यायालयाने दिला. केरळने त्याच वर्षी आपल्या विद्यापीठांतील विद्यार्थिनींसाठी साठ दिवसांच्या प्रसूती रजेचा निर्णय घेतला. स्त्रीशिक्षणाचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या महाराष्ट्राने याबाबतीत केरळच्या मागे राहावे, हे शोभादायक नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला दर्जाचा. हजेरीचा दंडक सैल केला तर पदवीचे मोल घसरेल, असे म्हटले जाते. परंतु रजा म्हणजे अभ्यासक्रमात कपात नव्हे. तोच अभ्यास, तीच परीक्षा, फक्त काही महिन्यांनी. २०२१ पासून श्रेयांक साठवण्याची व्यवस्था अस्तित्वात आली असताना तर या आक्षेपात फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो खर्चाचा. मुंबईत जागा कोठे, आणि पैसा कोणाचा? १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी याचे उत्तर दिले होते. लोककल्याणाची जबाबदारी प्राधान्याने शासनाची असल्याने हा भार मुख्यतः शासनाने उचलावा. पण स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. यामागील अर्थशास्त्र आजही खरे आहे. भार एकट्या मालकावर टाकला, तर स्त्रियांना कामावर घेणेच टाळण्याकडे त्याचा कल होतो. तोच नियम महाविद्यालयाला लागू पडेल. म्हणून पाळणाघराचा खर्च वेतन अनुदानाप्रमाणे शासनाने द्यावा. जागेसाठी प्रत्येक महाविद्यालयाने वेगळी खोली शोधण्याची गरज नाही. दादर, परळ, गिरगाव परिसरातील शेजारशेजारच्या महाविद्यालयांना मिळून एक पाळणाघर चालवता येईल. पटसंख्या घटल्याने महापालिकेच्या मराठी शाळांत ज्या वर्गखोल्या मोकळ्या पडल्या आहेत, त्यांचा याहून उचित उपयोग कोणता?

त्याबरोबरच प्रसूती रजा, तिच्या ओघात हुकलेल्या परीक्षेची पुढील सत्रात विनादंड संधी आणि प्रात्यक्षिके भरून काढण्याची सोय, या तीन गोष्टी राज्यातील सर्व विद्यापीठांच्या नियमावलीत हक्क म्हणून लिहिल्या गेल्या पाहिजेत. पाळणाघराचे दार विद्यार्थी असलेल्या पित्यालाही खुले असावे, अन्यथा मूल सांभाळणे हे केवळ बाईचे काम, यावर आपणच सरकारी शिक्का मारल्यासारखे होईल.

शुल्कमाफीवर शासन जो पैसा खर्च करते, तो या सोयींअभावी निम्म्या वाटेवर वाया जाण्याचा धोका आहे. अर्धवट सुटलेल्या पदवीचे व्याज कोणालाच मिळत नाही. परळच्या त्या दोन खोल्यांनी एका विद्वानाच्या शिक्षणाची किंमत निमूटपणे मोजली. शंभर वर्षांनंतर तीच किंमत तशाच निमूटपणे मोजण्याची अपेक्षा आजच्या विद्यार्थिनीकडून करण्याचा अधिकार समाजाला उरलेला नाही.