गेम 'फुकट' आहे, मग पैसे कुठे जातात?

"डॉक्टर, मुलाला दिवसाला किती तास गेम खेळू द्यायचा?" पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. मी उलट विचारतो, "गेमवर महिन्याला किती पैसे जातात?" बहुतेकांना ते माहीतच नसतं.

तुमचं लहानपण आठवा. सीताबर्डीवरून टीव्ही गेमची कॅसेट आणली की खर्च तिथेच संपायचा. आज गेम फुकट डाऊनलोड होतो आणि खर्च त्यानंतर सुरू होतो. बीजीएमआयमध्ये 'यूसी', फ्री फायर मॅक्समध्ये 'डायमंड'. रुपये देऊन आधी हे घ्यायचं, मग त्यावर कपडे, बंदुकीचे रंग किंवा क्रेट. खरे रुपये किती गेले, हे मुलाला जाणवतच नाही.

क्रेटमध्ये काय निघेल ते आधी कळत नाही, आणि मेंदू इथेच फसतो. बक्षीस नेमकं कधी मिळेल हे ठाऊक नसलं की आपण पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. जुगाराचं यंत्र याच तत्त्वावर चालतं. म्हणूनच बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. चांगलं झालं. पण क्रेटमधून रोख रक्कम निघत नाही, म्हणून "आमचा मुलगा थोडाच जुगार खेळतो" असं म्हणून गाफील राहू नका. २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तेव्हा कंपनीने १८ वर्षांखालील मुलांसाठी खर्चाची मर्यादा जाहीर केली होती: दिवसाला ७००० रुपये! ही मर्यादा म्हणायची की थट्टा? आणि एवढं करून आपण दोष देतो तो मुलाला!

मग काय कराल?

• यूपीआय पिन मुलांना सांगू नका. ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा.

• महिन्याचा हिशेब मुलासोबत बसून पाहा, पण न ओरडता.

• खेळण्यावर ताबा न राहणं, झोप-अभ्यासापेक्षा गेम महत्त्वाचा होणं, नुकसान दिसूनही न थांबणं, ही लक्षणं दीर्घकाळ दिसली तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत हा आजार म्हणून नोंदलेला आहे. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

तास तर तुम्ही मोजताच. आजपासून रुपयेही मोजा.