डासांचे औषध माणसाचे, अपाय कुत्र्याला

पावसाने चार दिवस उघडीप दिली की नाशिकच्या वसाहतींत दोन गोष्टी एकदमच वाढतात, डेंग्यूच्या तापाचे रुग्ण आणि डास मारणाऱ्या औषधांची विक्री. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात डेंग्यूने चांगलेच डोके वर काढले, तेव्हापासून सिडको असो वा गंगापूर रोड, घराघरात कॉइल, लिक्विड मशीन, अगरबत्ती आणि अंगाला लावायचे मलम यांचा वापर नित्याचा झाला आहे. माणसाने स्वतःला जपलेच पाहिजे. मात्र त्याच घरात जमिनीलगत वावरणारा, दिसेल ते हुंगणारा आणि अंग चाटणारा कुत्राही असतो, हे अनेकदा ध्यानात राहत नाही.

मुळात डेंग्यू हा कुत्र्याचा आजार नाही. एडिस डास कुत्र्याला चावला तरी त्याला डेंग्यूचा ताप येत नाही. त्यामुळे ‘त्यालाही होईल’ या काळजीपोटी आपले मलम त्याच्या अंगाला चोळण्यात अर्थ नाही, उलट धोका आहे. यातील ‘डीट’ हे रसायन माणसाच्या त्वचेवर सूचनेप्रमाणे लावल्यास सुरक्षित आहे. कुत्रा मात्र ते चाटून पोटात घेतो. मग लाळ गळणे, उलट्या, थरथर, तोल जाणे आणि प्रमाण जास्त असल्यास झटके येऊ शकतात. ‘नैसर्गिक’ म्हणून लावले जाणारे टी ट्री तेल किंवा कापूर यांचेही तेच. दोन्ही पोटात गेल्यास विषारी आहेत, लहान मुलांनाही.

कॉइल, लिक्विड आणि अगरबत्तीत बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातील रसायन असते. ते कीटकाच्या मज्जातंतूंना अखंड उत्तेजित ठेवून मारते. माणसाचे आणि कुत्र्याचे यकृत त्याचा लवकर निचरा करते. मांजराला ते नीट जमत नाही, म्हणून कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे औषध मांजराच्या जिवावर बेतते. मत्स्यालयातील मासे तर अगदी अल्प प्रमाणानेही दगावतात. कॉइलचा प्रश्न रसायनापेक्षा धुराचा अधिक आहे. एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण सुमारे १०० सिगारेटींइतके असतात, याकडे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी अनेक वर्षांपूर्वीच लक्ष वेधले होते. बंद खोलीत, जमिनीवर ठेवलेल्या कॉइलशेजारी झोपणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला हा धूर सर्वांत आधी येतो. अगरबत्ती घेताना वेष्टनावर कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. नसेल, तर आत काय जळते आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कुत्र्याचा खरा शत्रू गोचीड. त्यातून होणारा एर्लिकिया संसर्ग, म्हणजेच ‘गोचीड ताप’, जीवघेणा ठरू शकतो. नाशिकसारख्या द्राक्ष-कांद्याच्या जिल्ह्यात येथे वेगळाच धोका आहे. घरात जनावरांचे किंवा पिकावरचे औषध असतेच. तेच ‘झाकणभर’ पाण्यात टाकून कुत्र्याला आंघोळ घातली जाते. पिकावरील औषधांपैकी काही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील असतात. लाळ, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप अशी जी लक्षणे विषबाधेच्या माणसांत दिसतात, तीच कुत्र्यातही दिसतात. त्यावर अॅट्रोपिन हा उतारा आहे. पायरेथ्रॉइडवर असा उतारा नाही. झटके आवरणे आणि अंग स्वच्छ करणे एवढेच हाती असते. म्हणून दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत नेणे फार महत्त्वाचे.

असे घडल्यास घरच्या घरी उलटी करवू नये. लिक्विडच्या बाटलीत रॉकेलसारखे द्रावक असते. उलटीबरोबर ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. दूध किंवा तेल पाजू नये. अंगावर औषध असेल तर हातमोजे घालून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावे, चाटू देऊ नये आणि तातडीने पशुवैद्य गाठावा.

धूर फवारणीबाबतही गैरसमज मोठा आहे. ती फक्त त्या वेळी उडत असलेले डास मारते. अळ्या तशाच राहतात. पेस्ट कंट्रोलच्या ठेक्यावर नाशिकमध्ये वेळोवेळी वाद झाले, पण यंत्र कितीही वेळा फिरले तरी साठलेले पाणी हटल्याशिवाय डास हटत नाहीत. फवारणीची वेळ आदल्या दिवशी वसाहतीला कळवणे महापालिकेला अवघड नाही. त्या वेळी कुत्र्याला आत घ्यावे, त्याचे अन्नपाणी झाकावे आणि धूर विरल्यावरच बाहेर सोडावे.

आणि एक भांडे रोज तपासावे. अंगणात कुत्र्यासाठी ठेवलेले पाणी हे एडिसचे आवडते ठिकाण. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करावे. या कामाला ना रसायन लागते ना पैसा, आणि त्यातून घरातली माणसे व दारातला कुत्रा दोघेही सुरक्षित राहतात.