परतवारीतील चित्रीकरण आणि संमतीविषयी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली

विषय : श्रीक्षेत्र नरसी नामदेव येथे परतवारीच्या काळात कयाधू नदीच्या घाटावर व दिंड्यांच्या खेळांत संमतीविना होणाऱ्या चित्रीकरणास आळा घालण्याबाबत.

महोदय,

संत नामदेवांचे जन्मस्थान असलेल्या नरसी येथे आषाढीनंतरच्या कामिका एकादशीला, म्हणजेच परतवारीला, पंढरपूरहून परतणारे वारकरी मोठ्या संख्येने येतात आणि त्यांतील स्त्रिया, ज्या निम्म्याहून कमी नसाव्यात असे वाटते, उघड्या घाटावर स्नान करतात, मोकळ्या जागेत लुगडी वाळवतात व दिंडीत फुगड्याही घालतात. फुगडी घालणाऱ्या दोघी पदर कमरेला खोचून, हातांची अढी घालून मागे रेलतात आणि गिरकीने वेग घेतला की पदर-निऱ्यांचे भान त्यांना राहत नाही. भोवती टाळ वाजवणाऱ्या मंडळींसमोर ते सुटले तरी त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तोच क्षण मोबाइलने जवळ ओढून, संथ करून, वर सिनेमातले गाणे चढवून रील म्हणून, म्हणजे समाजमाध्यमांवरील काही सेकंदांची चित्रफीत म्हणून, अनोळखी लोकांपुढे फिरवला गेला, तर खेळात उतरण्याला दिलेली संमती प्रसारणालाही होती असे मानता येत नाही.

‘चारचौघांत नाचायचे आणि मग तक्रार करायची’ हा नेहमीचा आक्षेप कायद्याला मान्य नाही. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना, व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्याने तो संपत नाही, असेही म्हटले आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीच्या खासगी कृतीचे चोरून चित्रण करणे दंडनीय ठरवते आणि चित्रणास संमती असली तरी प्रसारणास नसेल तर प्रसारण हा गुन्हा मानते; मात्र उघड्या घाटावरील स्नान ‘खासगी कृती’ ठरते का, यावर वाद घालता येतो आणि फुगडी तर त्या व्याख्येत बसतच नाही. स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणावर आक्रमण करणे कलम ७९ खाली येते, पण तेथे हेतू सिद्ध करावा लागतो. ही फट प्रशासनाच्या बंदोबस्तानेच बुजू शकते.

कीर्तनकार व्यासपीठावरून ‘मोबाइल बंद ठेवा’ असे बजावू शकतात आणि आता अनेक जण तसे बजावतातही. गिरकीत असलेल्या बाईला ती सोय नाही. नामदेवांच्या घरी वाढलेल्या जनाबाईंच्या परंपरेत स्त्रियांनी उघड्यावर मिळवलेली ही जागा कॅमेऱ्याच्या धास्तीने आक्रसू नये, एवढीच अपेक्षा आहे.

सर्वांत निकडीची मागणी घाटाची आहे. स्त्रियांच्या स्नानासाठी स्वतंत्र भाग राखून तेथे पाण्यापर्यंत पोहोचणारा पत्र्याचा आडोसा व कपडे बदलण्याच्या खोल्या कराव्यात (कापडी कनात पावसात व वाऱ्यात टिकत नाही), त्या भागात कोणत्याही चित्रीकरणास मनाई असावी आणि घाटावरून ड्रोन उडवू देऊ नये.

खेळांच्या चित्रीकरणावर सरसकट बंदी मात्र मागितलेली नाही, कारण घरच्यांनी आठवणीसाठी घेतलेली छायाचित्रे व वृत्तपत्रांचे काम थांबवण्याचे कारण नाही. वाहिन्या व समाजमाध्यमांवरील पाने चालवणाऱ्यांना नोंदणी करूनच परवाना द्यावा आणि ओळखू येईल असे जवळून चित्रण करण्यापूर्वी त्या व्यक्तीला प्रसारणाचा हेतू सांगून विचारणे ही त्याची अट असावी. दिंडीप्रमुखाने दिलेला होकार हा त्या स्त्रीचा होकार धरू नये. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांना विचारावे. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात असल्याने येथे पंजाबातूनही भाविक येतात, म्हणून या सूचना मराठीबरोबर हिंदी व पंजाबीतही ध्वनिक्षेपकावरून द्याव्यात.

यात्रेतील पोलीस मदत केंद्रात सायबर तक्रारींची माहिती असलेल्या महिला अंमलदार नेमाव्यात. त्यांनी मोबाइल हिसकावून चित्रफीत पुसण्याची घाई करू नये, कारण त्यात पुरावाच नष्ट होतो. आधी दुवा व खात्याचे नाव नोंदवून तक्रार घ्यावी आणि मग चित्रफीत हटवण्यासाठी संबंधित माध्यमाकडे पाठपुरावा करावा.

या मागण्यांवर आषाढी वारीच्या प्रस्थानापूर्वी बैठक बोलवावी व तीत देवस्थान आणि ग्रामपंचायतीसह दिंड्यांतील स्त्रियांनाही बसवावे, ही विनंती.

आपले विनीत,
ग्रामस्थ व महिला वारकरी, नरसी नामदेव

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. पोलीस अधीक्षक, हिंगोली