वेदना आणि घरची माया

संस्कृतांत ‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणें या धातूपासून सिद्ध होतो. पीडा हा शरीरानें धाडलेला एक निरोप आहे, असा या नांवाचा अर्थ घेतां येईल. निरोप पोंचला म्हणजे निरोप्यानें परत जावें. पण कधीं कधीं तो ओसरीवर ठाण मांडून बसतो. आणि बसावयास पाट बहुधा आपणच दिलेला असतो.

तीन वर्षांपूर्वीं गव्हाचा डबा उचलतांना आमच्या सौभाग्यवतीच्या कमरेंत उसण भरली. घर भरलेलें आणि मायाळू. “आई, तुम्ही नुसत्या पडून राहा,” असें सूनबाईंनीं बजाविलें; नातवंडें पाण्याचें भांडें हातांत देऊं लागलीं; आणि ती जरा वांकली कीं मी ओरडत असें. दोन महिने लोटले तरी कंबर सुटेना. उलट चेहऱ्यावरचें हसूंही मावळलें. अखेर डॉक्टरांनीं नीट तपासून म्हटलें, “काळजीचें कारण दिसत नाहीं. यांचीं कामें यांना परत द्या.” तें वाक्य मला लागलें. सेवेच्या नांवाखालीं आम्हीं तिचें घरच तिच्या हातून काढून घेतलें होतें.

साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांत बरीच ओसरते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या पीडेस आधुनिक वैद्यक ‘दीर्घकालीन’ म्हणतें. १९८३ सालीं क्लिफर्ड वूल्फ या शास्त्रज्ञांनीं प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविलें कीं, पीडेचे संदेश सतत येत राहिले म्हणजे मज्जारज्जूच अधिक हळवा होतो. मग मूळची इजा भरली तरी क्षुल्लक कारणानेंही दुखूं शकतें. त्यांत भीतीची भर पडते. भीतीनें हालचाल थांबते, हालचालीवांचून स्नायू दुर्बळ होतात, आणि दुर्बळ स्नायू थोड्या श्रमानेंही दुखून ती भीति खरी ठरवितात.

हें चक्र आरंभींच तोडावें. फार ठणका असेल तर एक-दोन दिवस विसावा घ्यावा, शेकावें. पुढें सोसवेल तेवढें हिंडावें-फिरावें आणि नित्याचीं कामें थोडथोडीं हातीं घ्यावीं. झोप मोडूं देऊं नये. वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानें दीर्घकाळ घेऊं नयेत. त्यांतील पुष्कळ जठरास व मूत्रपिंडांस अपाय करितात. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील ७०१ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांस चालण्याचा क्रम आंखून दिला, त्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत मध्यमानानें २०८ दिवस गेले, इतरांचे ११२.

मात्र पाय लुळा पडणें, मलमूत्रावरील ताबा सुटणें, जांघेंत बधिरता येणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. ताप, अकारण घटणारें वजन किंवा पडल्यानंतरचें दुखणें असल्यासही डॉक्टरांस दाखविण्यास विलंब लावूं नये.

आमच्या घरीं आतां “आई, आज दुखतें का?” असें कोणी विचारीत नाहीं, “आज कोठवर जाऊन आलांत?” असें विचारतात. कंबर अधूनमधून कुरकुरते. पण फोडणीचा वास पुन्हा तिच्या हातचा येतो, आणि वांकूं नकोस म्हणून ओरडण्याची माझी संवय तिनेंच मोडली आहे.