दवाखान्याचं फाटक सोडा

प्रिय पोरांनो,

तुम्ही इथलीच. कुणी दुसरबीडचं, कुणी किनगाव राजाचं, कुणी बिबीचं. शिकायला पुण्याला गेलात आणि युद्धाविरुद्ध बोलायला लागलात, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. टीव्हीवर रोज रात्री जी आग ओकली जाते, तिच्यापेक्षा आपली पोरं वेगळं काही बोलतात, याचं समाधान होतं.

वाईट वाटलं ते तुमचा निरोप वाचून. लष्करी दवाखान्याच्या फाटकासमोर फलक घेऊन उभं राहायचं ठरलंय, आणि बाई, तुमच्या भावाचा कृत्रिम पायासकट एखादा फोटो असेल तर पाठवा. बस, भावाबद्दल एवढंच. त्याला विचारलंत? तो कसा आहे, हे तरी विचारलंत?

सुरुंगात त्याचा पाय गेला तेव्हा त्याचं लग्न ठरलेलं होतं. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात तो नव्याने उभं राहायला शिकला. 1944 सालापासून ते केंद्र हेच काम करतंय. मी तिथे त्याच्यासोबत होते. भेटायला आलेला माणूस आधी पायाकडे बघतो की तोंडाकडे, यावर त्याचा अख्खा दिवस ठरायचा. बाहेर गाडीचा सायलेन्सर वाजला तरी वॉर्डातली दोन-तीन माणसं दचकायची. अशा माणसांच्या खिडकीखाली उभं राहून तुम्ही त्यांना सांगणार, की तुमचा पाय फुकट गेला?

तुम्ही म्हणाल, फलक त्यांच्यासाठी नाही, सरकारसाठी आहे. मग सरकार कुठे बसतं हे तुम्हाला ठाऊक नाही का? युद्धाचा निर्णय ज्या खोलीत होतो तिथे सलाईन लावलेलं नसतं. आणि फाटकातून आत जाणाऱ्या बायका निर्णय घ्यायला जात नाहीत, डबा घेऊन जातात. तुमचा फलक आधी त्याच वाचणार.

पुलवामा आठवतं ना? 14 फेब्रुवारी 2019. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 40 जवान गेले. त्यात आपल्या जिल्ह्याचे दोघं, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. चोरपांग्रा आपल्यापासून किती लांब आहे, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तेव्हा नुकते कॉलेजात गेला होता. त्या दिवसांत सगळीकडे सुडाच्या घोषणा चालल्या होत्या, तेव्हा तुम्हीच चिडून म्हणाला होता, की ज्यांच्या घरी सुतक आहे त्यांच्या दाराचं व्यासपीठ करू नका. ते तुमचंच बोलणं होतं. मी ते वर्गात पोरांना सांगितलं होतं. सुडाच्या घोषणेला जे दार वर्ज्य, ते शांततेच्या घोषणेला उघडं कसं झालं?

ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये दगावला. अग्निवीर. कर्तव्यावर असताना गेलेला. सगळा जिल्हा हादरला होता. त्या आठवड्यात तुम्ही माझ्या घरी आला होता. अग्निपथ योजनेत घरच्यांना विमा आणि सानुग्रह रक्कम मिळते, नेहमीच्या जवानाच्या कुटुंबासारखं दरमहा निवृत्तीवेतन मिळत नाही, हे तुम्हीच कागद काढून मला समजावलं. सेवेत जायबंदी झालेल्या अग्निवीराचंही तुम्हीच सांगितलं. अपंगत्व 50 टक्के धरलं तर 15 लाख, 75 टक्के धरलं तर 25 लाख, 100 टक्के धरलं तर 44 लाख, आणि तेही एकदाच. पुढे चाळीस-पन्नास वर्षांचं आयुष्य पडलेलं, आणि दरमहा अपंगत्व निवृत्तीवेतन नाही. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

तेव्हा तुम्ही शब्द दिला होता. सह्या गोळा करू, बुलढाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ, खासदाराला गाठू, दिल्लीपर्यंत नेऊ. मी गावात फिरून सह्या आणल्या. शाळेच्या वहीची पानं होती ती, काहींवर अंगठे होते. ती पानं कुठे आहेत? पुण्याच्या कुठल्या खोलीत पडली आहेत? फलक रंगवायला वेळ मिळाला, मग त्या पानांना एक पाकीट का मिळालं नाही?

अमेरिकेचा दाखला तुम्ही निरोपात दिलाय, म्हणून त्याबद्दलही बोलते. 2005 साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाबाहेर कोड पिंक या युद्धविरोधी संघटनेच्या बायका दर शुक्रवारी रात्री उभ्या राहायच्या. जखमींना नीट उपचार मिळावेत, अशीही त्यांची मागणी होती. ते मी नाकारत नाही, त्यांच्या मनात जखमींविषयी द्वेष होता असंही मी म्हणत नाही. पण खोटेपणापायी अपंग झालात, अशा अर्थाचे फलकही तिथे लागले. समोर विरोधी गट झेंडे घेऊन जमला. इराकमधून हातपाय गमावून आलेल्या पोरांना शुक्रवारच्या रात्री फाटकाबाहेर हे पाहायला मिळायचं.

पुढचं तुम्ही लिहिलं नाही. त्याच रुग्णालयाच्या 18 क्रमांकाच्या इमारतीत बुरशी होती, उंदीर होते, बरे होत आलेले जवान कागदपत्रांसाठी महिनोन्महिने ताटकळत होते. हे जगाला कळलं ते फेब्रुवारी 2007 मध्ये. कळलं ते डेना प्रीस्ट आणि ॲन हल या वॉशिंग्टन पोस्टच्या दोन बातमीदार बायकांमुळे. त्यांनी फलक धरला नाही. कित्येक महिने त्या जखमींना आणि त्यांच्या घरच्यांना भेटत राहिल्या, बसल्या, ऐकलं, लिहून घेतलं. मग रुग्णालयाच्या प्रमुखाला हटवलं गेलं आणि लष्कर खात्याच्या सचिवाला राजीनामा द्यावा लागला. तुम्हाला दाखलाच हवा होता तर हा का नाही घेतलात?

आणि विनोबांचं नाव कशाला ओढलंत? 17 ऑक्टोबर 1940 ला पवनारला विनोबा युद्धाविरुद्ध बोलले, ते वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही, हे मी तुम्हाला सातवीत शिकवलंय. आपल्या विदर्भातली गोष्ट म्हणून मी ती जरा जास्तच रंगून शिकवायचे. त्या सत्याग्रहाची रीत आठवा. आपण काय करणार हे सरकारला आधी कळवायचं, मोकळ्या गावात बोलायचं, पकडलं तर तुरुंगात जायचं. विनोबा गेलेही. त्रास झाला तो बोलणाऱ्याला. तुमच्या निदर्शनात त्रास कुणाला होणार आहे? तुम्ही तासाभराने फलक गुंडाळून चहाला जाल. तो खाटेवरचा माणूस कुठे जाणार?

मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच. तो उठून जाऊ शकत नाही आणि तो तुम्हाला उत्तरही देऊ शकत नाही. सेवेतल्या जवानाला निदर्शनात भाग घेता येत नाही, राजकीय बोलता येत नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राला काही सांगता येत नाही. लष्कराचा नियमच आहे तसा. युद्ध नको असं त्यालाही वाटत असेल. तुमचं म्हणणं खोटं आहे असंही वाटत असेल. दोन्ही गोष्टी त्याला गिळून टाकाव्या लागतात. ज्याला बोलायची मुभाच नाही त्याच्या उशाशी जाऊन त्याच्या वतीने ओरडायचं, याला तुम्ही त्याची बाजू घेणं म्हणता?

युद्धाची खरी किंमत लोकांपासून लपवली जाते, असं तुम्ही लिहिलंय. पटतं मला. लपवलीच जाते. मिरवणुकीत तिरंगा दिसतो, जखमेची मलमपट्टी दिसत नाही. पण ती किंमत ज्याने मोजली, त्याने ठरवायचं ना कुणाला दाखवायची ते? मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. 1972 मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. त्यांनी आपलं शरीर जगासमोर नेलं ते स्वतःच्या मर्जीने, तलावात उतरून. माझा भाऊ आजही लग्नाकार्यात फुलपँटच घालतो, कितीही ऊन असलं तरी. ही त्याची मर्जी. त्याच्या पायाचा फोटो तुमच्या फलकावर लावायचा हक्क मला नाही. तुम्हाला तर नाहीच नाही.

जखमींच्या खाटेशी फोटो काढून घेणारे पुढारी मी पाहिलेत. त्यांच्याकडून माझी कधी अपेक्षाच नव्हती. तुमच्याकडून होती. इथली पोरं सैन्यात का जातात हे तुम्हाला पुस्तकातून वाचावं लागत नाही. जिजामाता साखर कारखाना बंद पडला, कापूस-सोयाबीनवर घर चालत नाही, म्हणून पहाटे अंधारात मेहकर रस्त्याच्या कडेला पोरं भरतीसाठी धावतात. त्यांच्यातले काही तुमच्या बाकावर बसलेले होते. उद्या त्यांच्यापैकी कुणी त्या फाटकातून स्ट्रेचरवर आत गेला, तर त्याने बाहेर उभं असलेल्या तुम्हाला काय समजायचं?

फोटो पाठवत नाही. भावाला तुमचा निरोप दाखवलाही नाही.

निदर्शनं करा. युद्धाविरुद्धच करा. मी साठी ओलांडलेली बाई आहे, तरी तुमच्यासोबत उभी राहीन. बुलढाण्याला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उभी राहीन, खासदारांच्या घरासमोर राहीन, दिल्लीला जंतरमंतरवर नेलंत तर तिथेही येईन. अग्निवीराच्या घराला दरमहा निवृत्तीवेतन मिळालं पाहिजे, हा फलक मी स्वतः धरीन. पण दवाखान्याच्या फाटकासमोरचा कार्यक्रम रद्द करा, आणि सह्यांची ती पानं शोधून मला परत पाठवा. बुलढाण्याला मी घेऊन जाते.

तुमची,
दुसरबीडच्या शाळेतली बाई