शेजारी देश पुढे की आपण? ‘शाश्वत शेती’चे गुण कसे मोजतात

शाश्वत विकास अहवालाच्या २०२५ च्या यादीत १६७ देशांमध्ये भारत ९९ व्या क्रमांकावर आला. पहिल्या शंभरात आपण प्रथमच आलो, म्हणून बातम्याही झाल्या. शेजाऱ्यांमध्ये भूतान ७४, नेपाळ ८५, श्रीलंका ९३, बांगलादेश ११४ आणि पाकिस्तान १४० व्या स्थानी आहे. यावरून नेपाळ-भूतानची शेती आपल्यापेक्षा सरस, असा अर्थ काढू नका. हा आकडा १७ उद्दिष्टांची सरासरी आहे. शेती त्यातल्या ‘भूकमुक्ती’ या दुसऱ्या उद्दिष्टात येते आणि तिथेही मुलांची खुंटलेली वाढ, लठ्ठपणा यांच्या शेजारी धान्याची हेक्टरी उत्पादकता आणि नत्राचा वापर अशा मोजक्या निर्देशकांवर तिचे गुण ठरतात.

बांगलादेशाचे उदाहरण पाहा. हेक्टरी भाताच्या उत्पादनात तो आपल्या पुढे आहे. पण यात मोठा वाटा उन्हाळी ‘बोरो’ भाताचा, आणि तो बहुतांशी भूजलावर पिकतो. अनेक भागांत त्याच पाण्यात आर्सेनिक आहे. उत्पादकतेच्या रकान्यात ते दिसत नाही. भूतानच्या राज्यघटनेत किमान ६० टक्के जंगल राखण्याची अट आहे, ही मोठीच गोष्ट. मात्र तो देश लागणारा बराचसा तांदूळ भारतातून आणतो. म्हणजे त्या तांदळामागचे उपसलेले पाणी आपल्या खात्यावर पडते.

श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि भाताचे उत्पादन कोसळले. काही महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली. नुसता खतवापर मोजला असता, तर तेच वर्ष ‘शाश्वत’ ठरले असते! म्हणूनच नत्राच्या निर्देशांकात खताची कार्यक्षमता आणि उत्पादन दोन्ही एकत्र धरतात.

सरासरीचा घोळ देशाच्या आतही आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यांकनानुसार देशात उपलब्ध भूजलाच्या सुमारे ६० टक्के उपसा होतो. ऐकायला बरे वाटते. पण पंजाबात हाच आकडा दीडशे टक्क्यांच्या वर आहे.

तुमच्या कामाचा निर्देशक खरे तर वेगळाच आहे. २.४.१ या क्रमांकाने तो ओळखला जातो आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेकडे त्याची जबाबदारी आहे. यात देश नव्हे, एकेक शेत तपासले जाते. उत्पन्न, नफा, माती, पाणी, खत, कीडनाशक, जैवविविधता, मजुरी, अन्नसुरक्षा, जमिनीचा हक्क आणि जोखीम अशा ११ बाबींना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. मागच्या तिन्ही वर्षांत शेती नफ्यात असेल तर हिरवा, किमान एका वर्षी असेल तर पिवळा, तिन्ही वर्षे तोटा असेल तर लाल. कर्ज, विमा आणि एकापेक्षा जास्त उत्पन्नाची साधने यांपैकी दोन हाताशी असतील तर जोखमीच्या रकान्यात हिरवा. विहीर-बोअरची पातळी वर्षानुवर्षे खाली जात असेल आणि गावात पाणीवाटपाची चालती व्यवस्था नसेल, तर पाण्याला लाल. व्यवस्था असेल तर तोच रंग पिवळा होतो. आपल्याकडच्या पाणी वापर संस्था इथे थेट उपयोगी पडतात.

माझ्या मते शेजाऱ्यांशी तुलना करायची तर ती याच मापाने व्हावी. तोट्यातली शेती कितीही सेंद्रिय असली तरी इथे पूर्ण हिरवी ठरत नाही, हे मला विशेष पटते.

अडचण नोंदींची आहे. बहुतेक शेतकऱ्यांकडे तीन वर्षांचा जमाखर्च लिहिलेला नसतो. कृषी सहायकांनी या हंगामात निदान दहा शेतकऱ्यांना तीन गोष्टी लिहायला लावाव्यात: पीकवार खर्च व विक्री, माती परीक्षणानुसार आणि प्रत्यक्ष दिलेले खत, तसेच ऑक्टोबर आणि मे महिन्यातली विहिरीची पातळी. पातळीसाठी गाठी मारलेली दोरी पुरते.