खालिद जमील यांना घडविणारे संघ कुठे गेले?

क्रीडा प्रतिनिधी

भारतीय फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी १ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील यांची निवड झाली, तेव्हा सॅव्हियो मेडेरा यांच्यानंतर तब्बल १३ वर्षांनी ही जबाबदारी भारतीय प्रशिक्षकाकडे आली. मुंबईच्या मैदानांवर घडलेला मधल्या फळीतील खेळाडू या पदापर्यंत पोहोचल्याचे स्वागतच झाले. मात्र अवघ्या चार महिन्यांत कौतुकाची जागा टीकेने घेतली.

१९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेले जमील आखाती युद्धाच्या काळात मुंबईत आले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे त्यांचे संघ. दुखापतींनी पिच्छा पुरविल्याने त्यांची खेळी लवकर आटोपली आणि २००९ मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. तुटपुंज्या साधनांच्या या संघाला त्यांनी सात मोसम आय-लीगमधून खाली घसरू दिले नाही. भक्कम बचाव, शिस्त आणि संधी मिळताच प्रतिहल्ला, अशी त्यांची पद्धत. ती देखणी नव्हती. पण उपयुक्त होती.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना दूर केले. पुढच्याच मोसमात नियतीने चोख हिशेब मांडला. जमील यांच्या ऐजॉल एफसीने मोहन बागानपेक्षा अवघा एक गुण अधिक मिळवून आय-लीग जिंकली, तर मुंबई एफसी तळाला जाऊन स्पर्धेबाहेर फेकला गेला. ऐजॉलच्या यशात जयेश राणे आणि आशुतोष मेहता या मुंबई एफसीच्याच माजी खेळाडूंचा वाटा होता, हे विशेष.

अर्थात, हाती वेळ असला की यश हमखास, असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये मोसमाच्या मध्यावर नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे घेऊन त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. पण पुढच्या पूर्ण मोसमात तोच संघ दहावा आला. जमशेदपूरला मात्र त्यांनी २०२४-२५ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचविले.

राष्ट्रीय संघाबरोबरची सुरुवात आशादायक होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई नेशन्स कप स्पर्धेत भारताने ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून तिसरे स्थान मिळविले. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला आघाडी घेऊनही सिंगापूरकडून १-२ अशी हार पत्करावी लागली आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरविले. मडगावच्या पराभवाची जबाबदारी जमील यांना टाळता येणार नाही. तथापि, त्याच काळात आयएसएल ठप्प होती आणि खेळाडूंना सामन्यांचा सराव नव्हता. आधीचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनाही आठ सामन्यांत एकच विजय मिळाला होता, हे विसरून चालणार नाही. दोष केवळ प्रशिक्षकाच्या खुर्चीत नाही.

खरी चिंता वेगळीच आहे. महिंद्र युनायटेड २०१०मध्ये बंद झाला. एअर इंडिया अव्वल स्पर्धांतून गेला. मुंबई एफसीही संपला. जमील यांना घडविणारा एकही संघ आज अव्वल फुटबॉलमध्ये उरलेला नाही. मग नगर, कोल्हापूर किंवा पुण्यातील होतकरू खेळाडूने, उद्याच्या प्रशिक्षकाने, शिकायचे कुठे? फुटबॉल महासंघाने आणि राज्य संघटनेने उत्तर द्यायचे आहे ते या प्रश्नाचे.